टोकापर्यंत मेण

"वाट सोडा!" असं ओरडत मागून आलेली पोरगी गुनवोरला ओलांडून सर्रकन पुढे निघून गेली. आवाजावरून सात-आठ वर्षांची असेल. त्या क्षणी गुनवोरला पहिल्यांदा वाटलं, संपलं आपलं.

उतार फारसा नव्हताच. तळ्याकडून खिंडीकडे चढताना वाट मध्येच थोडी दम घेते आणि खाली झुकते, तेवढाच. इथे कुणाला काही करावं लागत नाही. गुडघे जरा वाकवायचे, काठ्या काखेत धरायच्या आणि स्कींना त्यांचं काम करू द्यायचं. गुनवोर मात्र त्या उतारावरसुद्धा काठ्या टोचत, स्वतःला ढकलत, घामाघूम होऊन चालली होती.

"बर्फ जड झालाय आज," शेजारून हालवार म्हणाला. "सगळ्यांचंच असं होतंय."

"त्या पोरीचं नव्हतं होत."

"ती एवढीशी आहे, गुनवोर. हलकी."

"हलकं माणूस हळू घसरतं, जड माणूस जोरात. हे मला लग्नाआधी तूच शिकवलं होतंस."

हालवार म्हणाला, "सरळ आहे. चल पुढे."

हालवार तिचा नवरा, आणि गेले काही हिवाळे तिचे डोळे. माग पाडणारं यंत्र बर्फात खाचांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी पाडत जातं. उजव्या जोडीत ती, डाव्या जोडीत तो, अर्धं पाऊल मागे, आणि त्याचं तोंड अखंड चालू: चढ येतोय, आता सपाट, डावीकडे वळतंय, समोर दोघं उभी आहेत, सरकली. नोकरीभर त्याने रस्ते खात्यात बोगद्यांची सुरक्षा तपासली होती. धोक्याची पाटी जिथे नसेल तिथे ती लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आंधळ्या बायकोला वाट सांगायला याच्याइतका नेमका माणूस क्वेनडालच्या अख्ख्या खोऱ्यात मिळाला नसता, हे गुनवोरही मान्य करायची. त्या नेमकेपणाचा तिला वीट यायचा तो घरी, कपबश्या लावताना.

तिची नजर एका दिवसात गेली नव्हती. कडेकडून आत, वर्षानुवर्षं मिटत आली होती. आधी दारांच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या. मग पायरी चुकू लागली. खोऱ्यातल्या शाळेत ती मुलांना सुतारकाम शिकवायची. पटाशी आधीसारखीच चालत होती, पण बाकाखाली मुलांनी ठेवलेली दप्तरं दिसेनात, म्हणून नोकरी सोडली. दोन वर्षांपूर्वी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. तेव्हापासून जमिनीवरचं सगळं जग तिच्या नडगीवर येऊन आपटायचं. टेबलं, खुर्च्या, नातवाची खेळणी, दुकानातल्या गाड्या. बाहेर पडायचं तर कुणाचं तरी कोपर धरायचं. लोक भले होते. रस्ता ओलांडायला न विचारता दंड धरायचे, आणि पलीकडे नेल्यावर हवामानाबद्दल जरा मोठ्याने बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं.

स्कीवर यातलं काही नव्हतं. दोन पाय दोन खाचांत बसले की टेबलाचा कोपरा नाही, पायरी नाही, कोपर नाही. आणि उतार लागला की कुणाची ताकद नव्हती तिचा दंड धरायची, कारण धरणारा मागे पडायचा. चालताना ती आंधळी बाई होती. घसरताना वेग होता, गालावर वारा होता, आणि आंधळेपणाची आठवण काढायला सवड नव्हती.

जावयाला हे कळत नसे. येप्पे डेन्मार्कचा, सपाट मुलखातला. त्याच सकाळी डोंगरातल्या त्यांच्या लाकडी घरात पावावर तपकिरी चीज ठेवता ठेवता त्याने दरवर्षीचा प्रश्न विचारला होता. "म्हणजे तुम्ही सगळे तीन तास चढून वर जाणार. संत्रं खाणार. आणि खाली येणार."

"हो."

"संत्री इथेही आहेत, गुनवोर."

"इथल्या संत्र्यांना चव नाही," ती म्हणाली होती.

यापेक्षा बरं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिच्या बापाकडेही नव्हतं. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी क्वेनडालची माणसं खिंडीत जातात आणि हेस्टेबाकेनच्या उतारावरून तळ्याकाठी उतरतात. तिच्या बापाने तिला पहिल्यांदा पाठीवरच्या पिशवीत बसवून नेलं होतं. तेव्हापासून दोन बाळंतपणांची वर्षं सोडली तर तिने हा उतार चुकवला नव्हता. गेल्या वर्षी मात्र तळाच्या वळणावर ती पडली आणि डावं मनगट मोडलं.

म्हणून यंदा मुलीने, हेगेने, घरातल्यांची बैठकच भरवली. "आई, वर जा. कुणी नाही म्हणत नाही. पण खाली येताना बाबाच्या काठीचं टोक धरायचं. तो पुढे, तू मागे. हळूहळू."

"मी काय होडी आहे, ओढून न्यायला?"

"मग आल्या वाटेने परत."

"नाही."

"बाबा, तू बोल की काहीतरी!"

आणि हालवार, ज्याने उभ्या आयुष्यात धोक्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं, तो शांतपणे म्हणाला होता, "जाऊ दे तिला. तिची ती उतरेल." गुनवोरला ते इतकं अनपेक्षित होतं की तिने टेबलाखाली त्याचा हात शोधून दाबला होता.

आता मात्र तिला वाटत होतं, हेगेचंच बरोबर असावं. चढावर स्की कशा घट्ट धरत होत्या, गालिच्यावरून चालावं तशा. पण जरा खाली झुकलं की पाय बर्फात रुतल्यासारखे. हिवाळाभर मनगटाच्या नावाखाली घरात बसले, मांड्या गेल्या. वय झालं. तोल राहिला नाही, म्हणून नकळत टाचा दाबतेय. एकेक कारण ती तपासत गेली आणि प्रत्येक कारण तिच्याच अंगात सापडत गेलं. चढावरचं दगडी वळण येईपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं. वर पोहोचल्यावर, हेगेला ऐकू जाणार नाही अशा बेताने, हालवारला म्हणायचं: दे तुझी काठी.

खिंडीत पोहोचायच्या आधीच धुराचा आणि सॉसेजचा वास आला, मग संत्र्याच्या सालींचा. लोकांनी बर्फात बाक खोदून, वर रेनडिअरची कातडी अंथरून, उन्हाकडे तोंडं केली होती. हेगे आधीच पोहोचली होती. शेजारच्या घरातला टारये तिच्यापाशी बसून थर्मासमधली कॉफी ओतत होता. टारये गुनवोरबरोबर एका वर्गात होता आणि तेव्हापासून तिच्याशी तसाच बोलत आला होता.

"आलीस होय! मला वाटलं, हेगेने तुला खांबाला बांधून ठेवलं असेल."

"दोरी आखूड पडली."

"बस इथे, उन्हात. काय घसरण आहे गं आज! साबण आहे नुसता! मघाच्या त्या उतारावर माझ्यासारखा पोट सुटलेला माणूस असा सुटला की हेगे किंचाळली."

"मी किंचाळले नाही. तू माझ्या अंगावर येत होतास."

गुनवोर बसता बसता थांबली. "काय आहे म्हणालास?"

"साबण. सकाळच्या गारठ्याने खालचा बर्फ घट्ट धरलाय आणि वर बोटभर नवा भुगा. असा दिवस हिवाळ्यात एखादाच. का गं, तुला नाही जाणवलं?"

गुनवोरने वाकून काठीच्या टोकाने बुटाचा खटका दाबला, उजवा पाय मोकळा केला, स्की उचलून मांडीवर उलटी घेतली आणि हातमोजा दातांनी ओढून काढला.

चढासाठी जे मेण लावतात ते पकडीचं. ते फक्त पायाखाली, टाचेपासून पुढे हातभर. तिथे स्की बर्फाला धरते, म्हणून चढता येतं. पुढचं टोक आणि मागचं टोक काचेसारखं गुळगुळीत ठेवायचं, म्हणजे उतरता येतं. इथल्या पोरांना हे वाचता येण्याआधी येतं. मेणाच्या कांड्या रंगावरून ओळखायच्या असतात, निळी गारठ्याला, लाल ओल्या बर्फाला. म्हणून नजर गेल्यापासून गुनवोरने हे एक काम हालवारवर सोपवलं होतं. आज सकाळीही ती आत येप्पेशी बोलत असताना तो बाहेर उन्हातल्या भिंतीशी मेण पसरायचं बूच घेऊन मेण चोळत बसला होता.

तिने बोट टोकावर ठेवलं. ते काचेवरून फिरावं तसं फिरायला हवं होतं. ते चिकटलं.

ती बोट मागे आणत गेली. चिकट. पायाखाली चिकट, टाचेखाली चिकट, पार मागच्या टोकापर्यंत चिकट. कुठे गाठ नाही, कुठे उंचवटा नाही, कुठे वगळलेला तुकडा नाही. चुकून पसरलेलं मेण असं नसतं. हे कुणीतरी जीव लावून, एकसारखं, पातळ चोळलं होतं. इतकं एकसारखं मेण चोळणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता.

तिने दुसरी स्की काढून तीही तपासली.

"हालवार, हे टोकापर्यंत आहे."

संत्रं सोलण्याचा आवाज थांबला.

"बूच जरा पुढे गेलं असेल," हालवार म्हणाला.

"जरा पुढे. आणि जरा मागे. दोन्ही स्कींवर."

"आई, मीच सांगितलं त्याला," हेगे घाईने म्हणाली.

"खोटं बोलू नकोस, हेगे," हालवार म्हणाला. "तिने नाही सांगितलं. मला सुचलं. तिला फक्त माहीत होतं."

आसपासच्या चार-पाच कुटुंबांनी एकाच वेळी आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला सुरुवात केली. या देशात दुसऱ्याचं भांडण ऐकायची हीच रीत आहे.

टारयेला ती रीत कधी जमली नव्हती. "टोकापर्यंत?" तो म्हणाला. "अरे हालवार, शत्रूच्या स्कींनासुद्धा कुणी असं करत नाही."

"तू गप बस."

"बसतो. पण करत नाही."

"सकाळपासून मला वाटतंय माझे पाय गेले," गुनवोर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं मी म्हातारी झाले. मी विचारलं तुला, तू म्हणालास बर्फ जड आहे. वर आले की तुझी काठी मागायची ठरवलं होतं मी. ऐकलंस? मागणार होते."

"मग मागितली असतीस तर काय बिघडलं असतं?"

बोलून गेल्यावर हालवारलाच ते वाक्य नकोसं झालं असावं, कारण तो लगेच भरभर बोलायला लागला. "गेल्या वर्षी तू पडलीस तेव्हा ते हाड मोडलेलं तुला ऐकू आलं नाही. तू ओरडत होतीस. मला आलं. वाळकी फांदी मोडावी तसं. वर्षभर ऐकतोय मी ते. मनगट नसतं आणि मान असती तर?"

"मान माझी."

"आणि सहा आठवडे तुझी वेणी घालणारे हात माझे."

"वाईट घालायचास."

टारयेला कॉफीचा ठसका लागला. हेगेने त्याच्या पाठीत जरुरीपेक्षा जोरात थापटलं.

"माझे डोळे गेले, त्यात कुणाचा हात नव्हता," गुनवोर म्हणाली. "ते मी कुणाच्या अंगावर टाकलं नाही. पण हा उतार तू घेतलास माझ्याकडून. हाताने. बूच घेऊन बसून. आणि वर मला जाऊ दे म्हणालास, आणि मी तुझा हात दाबला." तिने टारयेच्या दिशेने हात पुढे केला. "टारये, खरवडायची पट्टी आहे?"

"आहे. मी देतो खरवडून."

"नको. पट्टी दे."

"आई, मी करते. तुला..."

"हेगे, मी तुझ्या पाळण्याची लाकडं रंधली आहेत. बस खाली."

तिने स्की दोन्ही गुडघ्यांत आवळली, पट्टी तिरकी धरली आणि टोकापासून स्वतःकडे ओढायला लागली. मेण चिवट होतं. वाटाण्याएवढ्या गोळ्या होऊन निघत होतं, त्या ती अंगठ्याने पुसून बर्फात टाकत होती. पायाखालचं तेवढं तिने ठेवलं. कॉफी निवली. कुणीतरी आणून दिलेलं सॉसेज तिच्या शेजारी कातडीवर गार झालं. उन्हात बसलेल्यांपैकी काही जण उतरून गेले. त्यांच्या स्कींचा आवाज हेस्टेबाकेनवरून खाली खाली जात विरला आणि दर वेळी गुनवोरचा हात क्षणभर थांबून पुन्हा चालू झाला.

हालवार समोर उभा होता. त्याचे बूट दर थोड्या वेळाने कुरकुरत होते. शेवटी त्याला राहवेना.

"डाव्या स्कीच्या मागच्या टोकाला राहिलंय."

गुनवोरने बोट फिरवून पाहिलं. खरंच राहिलं होतं. तिने ते काढलं, बाहीने घासलं, मग बर्फाची मूठ घेऊन चोळलं आणि उरलेला ओशटपणा पुन्हा बाहीने पुसला. मग दोन्ही स्की बर्फावर टाकल्या, काठीने चाचपून बुटाची टोकं बसवली. खटके वाजले.

"आता ऐक," ती म्हणाली. "वरून तळाच्या वळणापर्यंत खाचा आहेत. वळणाच्या जरा आधी यंत्रवाला खाचा पाडणं थांबवतो. तिथे मला आवाज हवा. तू खाली जा आणि वळणावर उभा राहा. खाचा संपल्या की 'आता' म्हणायचं. एकदा."

"आणि तुझ्या शेजारी कोण?"

"कोणी नाही."

"अख्ख्या उतारावर?"

"अख्ख्या उतारावर."

"मी नाही गेलो तर?"

"तर टारये जाईल."

"जाईन की," टारये म्हणाला.

"हा चष्मा घरी विसरलाय," हालवार म्हणाला. "याला वळण दिसायचं नाही, तू कुठून दिसणार?"

"तर कोणीच नको. मी जाईन, आणि खाचा संपल्यावर जे व्हायचं ते होईल. पण मी काठी धरणार नाही, हालवार. आज नाही, पुढच्या वर्षी नाही. तुला माझ्या स्कींना डांबर फासायचं तर फास, मी खरवडत बसेन. माझ्याकडे वेळ आहे."

हेगेने नाक ओढल्याचा आवाज आला, पण हेगेला उन्हातही सर्दी होते, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मग हालवारचे खटके वाजले, स्की सरकल्या. तो तिच्या अगदी जवळून गेला, थांबला नाही. काठ्या दोनदा टोचल्या गेल्या आणि पुढचा आवाज उताराने गिळला. तो ओरडणार आहे की नाही, हे त्याने सांगितलं नव्हतं.

"पोहोचला का?" बऱ्याच वेळाने गुनवोरने विचारलं.

"वळणावर आहे," हेगे म्हणाली. "उभा आहे."

"कसा उभा आहे?"

"बाबा उभा राहतो तसा. रस्त्यात पाटी लावल्यासारखा."

गुनवोरने पायांनी खाचा शोधल्या. आधी उजवी, मग डावी. हेगेचा हात तिच्या कोपरापाशी आला आणि न लागता मागे गेला. ते गुनवोरला कळलं. तिने काठ्यांनी एकदाच जोर दिला.

पहिले काही क्षण काहीच घडलं नाही. मग स्की सुटल्या.

खाचांचा खरखर आवाज बारीक होत होत शिट्टीसारखा झाला. वारा आधी गालावर होता, मग टोपीच्या कडेतून कानात शिरला, मग दातांवर लागायला लागला, तेव्हा तिला कळलं की आपलं तोंड उघडं आहे. पोट हलकं होऊन वर आलं. पायाखालचा डोंगर तिला सगळा कळत होता. इथे बर्फ घट्ट, इथे वाऱ्याने आणलेला भुगा, इथे छोटा उंचवटा, गुडघ्यांनी तो आपोआप गिळला. उजव्या बाजूला कडा सुरू झाला, कारण तिच्याच स्कींचा आवाज तिकडून परत यायला लागला. पाय गेले नव्हते. पाय जागच्या जागी होते, गेल्या वर्षी होते तसेच, सोळाव्या वर्षी होते तसेच. ती काठ्या काखेत धरून आणखी खाली वाकली. असं करायचं नाही हे अर्थातच ठरलेलं होतं. पण ठरवलं होतं दुसऱ्यांनी.

"आता!"

हालवारचा आवाज. पण तो अजून लांब होता, कितीतरी लांब आणि खाली, आणि खाचा पायाखाली शाबूत होत्या. गाडी चालवतानाही तो असाच. पुढचा सिग्नल हिरवा असतानाच ब्रेकवर पाय. गुनवोरने काही केलं नाही.

"आता! गुनवोर! आता!"

आवाज फाटला. खाचा अजून होत्या. होत्या, होत्या, आणि मग एकदम नव्हत्या. पाय मोकळ्या बर्फावर आले. तिने टाचा बाहेर फेकल्या, टोकं जवळ आणली, उजव्या पायावर भार टाकला, वळली. जवळजवळ वळली. डाव्या स्कीने काहीतरी मऊ धरलं, आकाश आणि जमीन यांची अदलाबदल झाली आणि ती कमरेपर्यंत भुग्यात बसून थांबली. एक स्की अजून मागावर आडवी होती.

तिने मनगटं फिरवून पाहिली. दोन्ही फिरली. मान फिरवली.

वरच्या अंगाला धडपडण्याचा आवाज झाला, एक शिवी ऐकू आली, आणि काहीतरी जड बर्फात आपटलं. त्याच वेळी मागून स्कींची शिट्टी जवळ येऊ लागली.

"वाट! वाट! ओ बाई, मागात काय बसलात? डोळे फुटलेत का?"

"फुटलेत!" गुनवोर ओरडली.

तो ओरडणारा तरुण तिला वळसा घालून गेला, त्याच्या स्कींनी उडवलेला बर्फ तिच्या तोंडावर आला, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने आडवी स्की मागावरून ओढून घेतली. हालवार पोहोचला तेव्हाही ती हसतच होती.

"कुठे लागलं? हात दाखव. दोन्ही दाखव."

"तुला कुठे लागलं? मघाशी पडलास तो तूच ना?"

"मी धावत होतो."

"स्की घालून?"

"एक घालून. दुसरी निघाली." तो धापा टाकत होता. त्याने तिची दोन्ही मनगटं दाबून पाहिली, मग सोडून दिली आणि तिच्या शेजारी बर्फात बसला.

"लवकर ओरडलास," ती म्हणाली.

"हो."

"मुद्दाम."

"पहिल्यांदा मुद्दाम. दुसऱ्यांदा खरंच भ्यालो. तू वाकलीस. वर सगळं सरळ होतं तिथे तू आणखी खाली वाकलीस. मी बघितलं."

"मग बघितलंस ना?"

त्याने तिच्या पाठीवरचा बर्फ झटकायला हात उचलला असावा, कारण त्याच्या बाहीचा आवाज झाला. पण पाठीला काही लागलं नाही.

गुनवोर काठ्यांवर भार देऊन उठली. एक पाय, मग दुसरा. खटके तपासले. मागाची कड काठीने शोधली आणि स्कींची टोकं डोंगराकडे वळवली.

"कुठे निघालीस?"

"वर."

"गुनवोर, वरून खाली यायला एवढं... वर पोहोचायला तुला तासभर लागेल. हेगे खाली येतेय. येप्पेने सूप केलं असेल."

"पिऊन घ्या. मला वळण पुरं करायचंय. अर्धंच झालं."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"पडेन. आज तूसुद्धा पडलास, एवढ्याशा अंतरात, डोळे उघडे ठेवून. तुझ्या स्कींना कुणी मेण लावलं का टोकापर्यंत?"

ती चढायला लागली. स्कींची टोकं बाहेर, टाचा आत, एकेक पाऊल रोवत. हेगे वरून येत होती. आईला वर येताना पाहून ती मागातून बाजूला झाली. गुनवोरने तिला तिच्या वासावरून ओळखलं, संत्रं आणि उन्हाचं मलम, आणि न थांबता म्हणाली, "टारयेला सांग, माझं सॉसेज खाऊ नकोस."

"खाल्लं त्याने."

थोडं वर गेल्यावर खालून हालवारची हाक आली.

"मी कुठे उभा राहू?"

गुनवोर थांबली. मघाच्या त्या पहिल्या हाकेचा आवाज कुठून आला होता ते तिने मनात पुन्हा ऐकलं.

"होतास त्याहून खाली!"

स्की सरकल्या. "इथे?"

"अजून खाली!"

पुन्हा सरकल्या. या वेळी जास्त वेळ. "इथे?" आवाज आता वळणाच्या अगदी कडेवरून येत होता, आणि तो तिथे उभा राहून खूश नव्हता, हे इतक्या लांबूनही कळत होतं.

"तिथेच राहा," ती म्हणाली, आणि पुढचं पाऊल रोवलं.